खाऱ्याला निळा, गोड्याला हिरवा

माझी थोरली बहीण शेपट्या शिवते. तिला विचाराल तर जलपऱ्या चारच प्रकारच्या. मत्स्यालयाच्या काचेच्या टाकीत पोहते ती खाऱ्या पाण्याची. तळ्यात नाहीतर नदीच्या संथ डोहात कार्यक्रम करते ती गोड्या पाण्याची. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावातली औषधाच्या, म्हणजे क्लोरीनच्या पाण्याची. तिच्या शेपटीचा रंग तीन महिन्यांत उडतो आणि हॉटेलवाला शिवणाऱ्यावर डाफरतो. चौथी कोरडी. ती दुकानाच्या उद्घाटनाला सजवलेल्या खुर्चीत बसते, पाण्याशी तिचा संबंध प्यायच्या ग्लासापुरता. ताईचा सगळ्यात जास्त राग या चौथीवर, कारण बसून बसून शिवण तीच उसवते.

बावीस वर्षांपूर्वी ताई शाळेचे गणवेश शिवायची. मत्स्यालयाचा मॅनेजर एक फाटकी शेपटी घेऊन आला आणि "जमेल का?" म्हणाला.

"सदऱ्याला दोन बाह्या असतात," ताई म्हणाली. "याला तर एकच शेपूट. त्यात न जमण्यासारखं काय?"

तेव्हापासून गणवेश सुटले ते सुटलेच. मी हातशिलाईला तिच्याकडे आले आणि वरच्या खोलीत राहिले.

या कामातली खरी मेख वजनाची आहे. खारं पाणी माणसाला वर ढकलतं. टाकीच्या तळाशी जाऊन पोरांना हात हलवून दाखवायचा, तर शेपटीच्या टोकाला शिशाचे बारा तुकडे लागतात. गोड्या पाण्याला सात पुरतात. तिथे बारा घातले तर खाली जाणं सोपं आणि वर येणं कठीण, कारण पाय तर शेपटीत बांधलेले. हे तुकडे ताई कापडाच्या अरुंद पट्टीत भरते आणि पट्टीचं तोंड दोऱ्याने शिवते. खाऱ्याला निळा, गोड्याला हिरवा. भरलेली पट्टी शेपटीच्या टोकाच्या खिशात सरकवली की काम संपलं. बावीस वर्षांत एकही चूक झाली नव्हती, निदान आमचा तसा समज होता.

ताईचा मुलगा जहाजावर असतो. त्याने लग्न केलं ते टाकीतल्याच एका जलपरीशी. ताईने त्या मुलीची मापं घेतली होती, तिच्या कमरेचं कौतुकही केलं होतं. पण गिऱ्हाईक म्हणून आवडलेली मुलगी सून म्हणून घरात आल्यावर ताईला एकदम अब्रू आठवली. "आमच्या घरची सून शेपूट लावून लोकांसमोर नाचणार नाही," ती म्हणाली. म्हणताना तिच्या मांडीवर शेपूटच होतं. मी हसले, ते तिला आवडलं नाही.

सुनेने काम सोडलं नाही आणि ताईने बोलणं सोडलं. दोन वर्षं घरात अबोला. सून समोर उभी असताना ताई मला म्हणायची, "तिला सांग, मीठ संपलंय." मी सांगायचे, "मीठ संपलंय गं." आमच्या घरात मी टपालखातं झाले होते. मात्र तयार शेपट्या मत्स्यालयात पोचवायचं काम सुनेचंच होतं. ती तशीही तिकडेच जायची.

याच दोन वर्षांत ताई सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागली. "डॉक्टरकडे चल, मोतीबिंदू असेल," मी म्हटलं.

"मी काय डोळ्यांनी शिवते? हातांनी शिवते," ती खेकसली. तिची भीती मला कळत होती. जिला दिसत नाही तिने भरलेलं शिसं कोण कमरेखाली बांधून घेईल? एकदा बोभाटा झाला की धंदा बसला. म्हणून मीही गप्प राहिले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. स्वयंपाकघरातला तराजू दर आठवड्याला जागेवरून हललेला असायचा. मला वाटलं, सून बारीक व्हायच्या नादात पीठ मोजून खाते.

गेल्या महिन्यात मत्स्यालयाची टाकी दुरुस्तीला निघाली. तेवढ्यात तळ्याकाठी नवी बाग उघडली, तिथे दुपारी चारला सुनेचा कार्यक्रम ठरला. ताईने गोड्या पाण्याची शेपटी शिवली, ती घेऊन सून सकाळीच गेली.

जेवणानंतर ताई शिवणाचं टेबल आवरत होती. टाकीच्या पुढच्या शेपटीसाठी म्हणून भरून ठेवलेली पट्टी तिने उचलली, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

"ही हलकी आहे," ती म्हणाली. "दोरा बघ. कुठला आहे?"

मी बघितलं. हिरवा.

म्हणजे बाराची पट्टी तळ्यावर गेली होती. सुनेचा फोन लागेना. आम्ही चपला घातल्या की नाही आठवत नाही, टॅक्सी मात्र मिळाली.

तळ्यावर गर्दी होती. सून पाण्यावर टाकलेल्या फळीच्या टोकाशी शेपटी घालून बसली होती. माईकवाला दहापासून उलटे आकडे म्हणत होता. ताई लोकांना कोपराने सारत थेट फळीपर्यंत गेली आणि ओरडली, "थांब! उतरू नकोस! शिसं चुकलंय! मला दिसत नाही, मला निळं-हिरवं कळत नाही!"

माईकवाला चारवर अडकला. गर्दीत मत्स्यालयाचा मॅनेजर होता, हॉटेलवालाही होता. दोघांनी ऐकलं.

सुनेने शांतपणे शेपटीच्या खिशातून पट्टी काढली आणि ताईच्या हातात ठेवली. ताईने ती तोलली. मग बोटांनी एकेक तुकडा चाचपला. सात.

"पाच घरी डब्यात आहेत," सून म्हणाली. "मी प्रत्येक शेपटीची पट्टी तराजूवर घालते, आई. माझीही आणि बाकीच्या मुलींचीही. कधी काढते, कधी भरते. दोन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?" ताईने विचारलं.

"तुम्ही बोलत कुठे होता?"

ताई फळीवरच बसली. सवयीने तिने माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तिला सांग..." मग थांबली. पट्टी सुनेला परत देत, तिच्याकडे बघत तिने विचारलं, "उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येशील?"

"येते. आधी हे उरकू दे," सून म्हणाली आणि पाण्यात उतरली.

ती खाली गेली तशी ताईने माझं मनगट घट्ट धरलं. ती वर आली तेव्हाच सोडलं.