आईनं न सांगितलेला आकडा

"हिला मोजताच येत नाही," सर म्हणाले, आणि वर्ग हसला.

भिंतीवर व्हिडिओ चालू होता. हिरवं लुगडं नेसलेली एक बाई मेंढ्यांच्या वाडग्याच्या कुंपणापाशी उकिडवी बसलेली. हातात मोबाइल. त्यात आमच्या वर्गानं बनवलेलं ॲप, मेंढ्यांच्या लसींची नोंद ठेवणारं. तिला विचारलं, मेंढ्या किती? ती म्हणाली, "हायेत की." परत विचारलं. "देवाच्या दयेनं हायेत." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं मोबाइल पदरानं पुसला आणि परत देऊन टाकला. इथं हसू फुटलं. सरांनी पिवळ्या चिठ्ठीवर 'आकडे कळत नाहीत' असं लिहिलं आणि ती भिंतीवर, नेमकी बाईच्या कपाळावर चिकटवली. पुन्हा हशा. त्यात मीही हसले.

ती माझी आई होती.

वर्गात कुणालाच हे माहीत नव्हतं. शहरात पुंडलिकनगरला खोली घेऊन मी हे शिक्षण घेत होते. माणसाकडं जा, त्याचं ऐका, मग त्याच्यासाठी ॲप बनवा, असं सर शिकवायचे. मला ते मनापासून पटलं होतं. पण पोरं माझ्या 'लई'ला हसायची, म्हणून मी 'खूप' म्हणायला लागले होते. करमाडकडं, म्हणजे माझ्याच गावाकडं, कुणी मेंढपाळ मिळेल का, असं सरांनी विचारलं. ओळखीतलं एक घर आहे, असं मी म्हणाले. जायच्या आदल्या दिवशी आईला फोन केला. "उद्या मला ओळख दाखवू नको."

तिनं का म्हणून विचारलं नाही. आम्ही गेलो. तिनं सगळ्यांना पाणी दिलं. माझ्यापुढं तांब्या धरून म्हणाली, "घ्या म्याडम."

ते शब्द अजून माझ्या खोलीत येतात. भांडी घासताना, केस विंचरताना. मी दचकून मागं बघते. कुणी नसतं. स्वतःची किळस येते.

किती मेंढ्या आहेत, हे आई झोपेतही सांगेल. संध्याकाळी एक कमी असली तर कुठली, तेही तिला कळतं. पण आमच्यात जितराबाचा आकडा परक्याला सांगत नाहीत. नजर लागते. वर्गानं ॲपमध्ये तो पहिलाच प्रश्न टाकला, तेव्हा मला हे माहीत होतं. मी बोलले असते तर तुला कसं ठाऊक, असं सगळ्यांनी विचारलं असतं. म्हणून गप्प बसले.

"आकड्यांऐवजी चित्रं टाकू," सर म्हणत होते. "बालवाडीसारखी."

मी उठले. "सर, तिला मोजता येतं. तिला सांगायचं नव्हतं."

"तुला काय माहीत?"

"मी तिची पोरगी आहे."

सर जरा गडबडले, मग त्यांचा चेहरा खुलला. "अगं, मग आधी सांगायचं ना! कॉलेजात पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर सादरीकरण तूच कर. आईलाही आण. लोकांना आवडेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत्तापर्यंत आई हसण्यासाठी होती, आता दाखवण्यासाठी झाली. सोबत मीसुद्धा. मी जाऊन ती चिठ्ठी काढली. "व्हिडिओ आत्ता पुसा. सादरीकरण मी करणार नाही. आई येणार नाही."

"मार्क जातील."

"जाऊ द्या."

त्यांनी व्हिडिओ पुसला. मार्क गेले. मी गावी जाऊन आईला सगळं सांगितलं, मी हसले तेही. ती लई वेळ चुलीतली लाकडं सारत राहिली. मग म्हणाली, "पानी देताना तू मान खाली घातली व्हती. म्या बघितलं." आणि उठून मेंढ्यांकडं गेली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. माफी मागायचं तोंड मलाही नव्हतं.

शिकणं मी सोडलेलं नाही. मला हे काम यायलाच पाहिजे, नाहीतर आम्हाला काय विचारायचं ते कायम दुसरेच ठरवतील. मी जे ॲप बनवीन, त्यात प्रत्येक प्रश्नाखाली 'सांगायचं नाही' असं बटण असेल, आणि ते दाबलं तरी मेंढीला लस मिळेल. पुढं नोकरीत कुणी ते काढायला सांगितलं तर मी नोकरी सोडीन. बटण काढणार नाही.