मागे चालायचं

आरमोरीहून जंगलातल्या गावांची डाक नेणारा हरकारा माझा गुरू होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी शाळेतर्फे अर्ध्या मैलाच्या शर्यतीत धावायचो. शर्यती हिवाळ्यात असत. उन्हाळ्यात दम वाढवावा म्हणून मी त्याच्याकडे गेलो. घुंगरं बांधलेला भाला खांद्यावर टाकत तो म्हणाला, "माह्या मांगं चाल. धावाचं नाई."

दोन महिने मी रोज त्याच्या मागे आठ मैल चाललो. जरा पाय उचलला की तो मान न वळवता म्हणायचा, "मांगंच राह्य."

"भाऊ, मले धावू काऊन नाई देत?"

"दम मुरू दे पहिले."

एका सकाळी नाल्याच्या रेतीत वाघाची ताजी पावलं दिसली. त्याने भाला माझ्या हातात दिला. "आज तू पुढं," म्हणाला. मग माझ्या मागून चालू लागला.

हिवाळ्यात मी शर्यत जिंकलो. नंतर कधीतरी एका लाकूडतोड्याने सहज सांगितलं, वाघ रांगेतला शेवटचा माणूस उचलतो.

सगळा उन्हाळा शेवटचा मी होतो. त्या एका सकाळी मात्र तो होता.