नेक्स्ट म्हणजे पुढचा

"आऊट!" कंपौंडर वरडला.

मला कळलंच न्हाई. मी तशीच हुबी. काखंला माझा दगडू, तापानं फणफणलेला. कंपौंडरानं मला दाराभायेर ढकललं. बाकड्यावरची मानसं खदाखदा हसली.

तवा मोठी लढाई चालू व्हती. नवरा पलटणीत, समुद्रापल्याड. आमी महार, म्हून दवाखान्यात मला बाकडं न्हवतं. भायेर उन्हात बसायचं. सकाळपासनं बसलेली. आतनं हाक यायची, "नेक्स्ट!" कुनीतरी उठून आत जायचं. मला वाटलं, कुनाचं तरी आडनाव आसंल. माझं नाव कवा घेत्यात, म्हून मी वाट बघत ऱ्हायले. दुपारी धीर सुटला, आत शिरले. तवाच ते "आऊट".

"आवं सायेब, पोरानं डोळं फिरवलं," मी म्हनले.

"नेक्स्ट म्हटलं तेव्हा का आली नाहीस? आता क्लोज!"

दार लावलं.

दगडू वाटंतच गेला. वड्याच्या काठाला, माझ्या मांडीवर. गार पडला तरी मी त्याला पदरानं वारा घालत व्हते.

मग चूल न्हाई, पानी न्हाई. मला समजलं न्हाई, म्हंजी मीच मारलं माझं पोर. डोसक्यात दुसरं काय येतच न्हवतं. आडावर जाऊन वाकून बघितलं. चुलतसासऱ्यानं हाताला धरून मागं आनलं. त्यो आदीच्या लढाईतला शिपाई, गोऱ्या सायबाचं शबुद त्याला ठावं.

"तात्या, नेक्स्ट म्हंजी काय वो?"

"पुढचा. साधा शबुद हाय, पोरी."

"आन आऊट?"

"भायेर हो."

एवढंच? कंपौंडर मराठीच की! त्याच्या आयनं त्याला मराठीतच घास भरवला आसंल. "पुढचा" म्हनायला त्याचं काय जात व्हतं? मी उन्हात गप बसलेली त्याला दिसत व्हते. दिसत व्हते, आन तरी...

त्या दिशी माझं रडू आटलं.

पुढं शेजारच्या तानीची लेक तापानं पडली. तानी दवाखान्याला भ्याली. मीच पोरगी उचलली. "नेक्स्ट!" आईकलं, तशी सरळ आत गेले.

"आऊट!"

"कळतंय मला. जानार न्हाई. पोरगी तपासा."

डागदरानं मान वर केली. कंपौंडर माझ्या अंगावर आला. मी हालले न्हाई. शेवटी डागदरानं पोरगी तपासली.

तानीची लेक जगली. माझा दगडू न्हाई. ते दुख मी कुनाला पुसू देनार न्हाई. आमच्या वस्तीतलं आजारी मानूस हितनं पुढं उन्हात बसनार न्हाई. दर खेपंला मी संगं जानार. ढकललं तर परत आत जानार. मारलं तरी.