पुढची अर्धी कादंबरी

माझ्या जाऊबाई मंगळवारी शेगावहून परत येताना एसटीत वारल्या. नांदुऱ्याच्या स्टँडवर वाहकानं हाक मारली, त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी त्यांची पिशवी घरी आली. पिशवीत प्रसाद होता, चष्मा होता. पुस्तक नव्हतं.

पुस्तक म्हणजे अर्धं पुस्तक. उरलेलं अर्धं माझ्या उशाशी होतं.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात एकाच घरी आम्ही सुना होऊन आलो. त्या आधी, मी नंतर. सुरुवातीला आम्ही कामापुरतंच बोलायचो. मग एकदा मसाल्याच्या डब्यामागे त्यांनी लपवलेली रहस्यकादंबरी मला सापडली. मी ती पुन्हा तिथेच ठेवली, पण दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "बाई, त्या विहिरीत कोणाचं प्रेत होतं?" त्या दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की तव्यावरची भाकर करपली.

तेव्हापासून आठवडी बाजाराला दोघी मिळून जाऊ लागलो. बाजारात कांद्याच्या ढिगांपलीकडे एक चाचा पोतं अंथरून जुनी पुस्तकं मांडून बसायचे. कादंबरी निवडायची जाऊबाईंची रीत ठरलेली. पुस्तक मधोमध उघडायचं आणि उभ्यानं एक पान वाचायचं. "पह्यलं पान सगळ्याईचंच चांगलं राह्यते वं," त्या म्हणायच्या, "मधलं पाह्य. तिथं पाय खिळले, तं घ्यायचं." त्यांचे पाय बरेचदा खिळायचे.

"भाभी, उभ्यानंच संपोता काय? मंग म्या काय इकू?" चाचा ओरडायचे.

"कुठं संपोलं, भाऊ? चष्मा पुसून राह्यली."

हवी असलेली कादंबरी मात्र त्या कधीच मागायच्या नाहीत. ती खाली ठेवून कपाशीवरच्या रोगांचं नाहीतर घरगुती औषधांचं एखादं जाड पुस्तक उचलायच्या, त्याला पुठ्ठाच नाही, वाळवी लागली आहे, म्हणून भाव पाडायच्या आणि पैसे देताना कादंबरी अलगद वर टाकायच्या. "हे वरून राहू द्या." भाजीवाली वरून कोथिंबिरीच्या, आमच्याकडच्या सांबाराच्या, चार काड्या टाकते, तसं. चाचांना हे कळत नव्हतं असं नाही. एकदा ते म्हणाले, "भाभी, तुमच्या घरचे सारे बीमारच राह्यते काय?" आजही आमच्या माळ्यावर औषधांची इतकी पुस्तकं आहेत की एखाद्या वैद्याला हेवा वाटावा.

घरी आल्यावर पुस्तकाचे दोन भाग व्हायचे, कारण थांबायला आम्ही दोघीही तयार नसायचो. एकीनं वाचून दुसरीला द्यायचं तर मधले दिवस जाता जात नसत. जाऊबाई सुरीनं पुस्तक कापायच्या, पण मन मानेल तिथं नाही. एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा एक जुडगा, म्हणजे फर्मा, संपून दुसरा सुरू होतो, त्या फटीत. त्यामुळे शिवण उसवत नाही. पहिला भाग आधी त्यांचा. तो वाचून झाला की माझ्याकडे, आणि त्या पुढच्या भागाला लागायच्या. मोठेपणाचा मान त्यांनी फक्त इथेच घेतला. त्यामुळे त्या नेहमी माझ्यापुढे अर्धी कादंबरी असायच्या. मी कणीक मळताना त्या पाटावर बसून वाचायच्या आणि मध्येच "अरे बापा!" म्हणून तोंडावर हात ठेवायच्या.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. तू वाच आपलं."

त्या मंगळवारी सकाळी निघताना पुढचा भाग त्यांनी पिशवीत टाकला. कादंबरीत घाटातल्या विश्रामगृहात खून झालेला होता आणि मला डॉक्टरचा संशय होता.

"डॉक्टरच आहे, बाई. बघा तुम्ही."

"हाव, मोठी आली! डॉक्टर नाही. हारली तं आठवडाभर भांडे तुह्याकडे."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी काऊन हारू? पुढचं माह्याजवळ हाय."

त्यांचे दिवसकार्य झाल्यावर मी एसटी डेपोत विचारून आले. कुणाला अर्धं पुस्तक सापडलं नव्हतं. सापडलं असतं तरी पुठ्ठा नसलेले कागद कोण जपून ठेवणार? चाचांकडून घेतली तेव्हाच कादंबरीचा पुठ्ठा आणि पहिली दोन-चार पानं गेलेली होती; नाव पानांच्या डोक्यावर छापलेलं होतं, लेखकाचं नव्हतं. मुलीनं फोनवर शोधलं. "आई, ही आता छापतच नाहीत." चाचांनी सगळं पोतं उपसलं आणि म्हणाले, "भाभी राह्यत्या तं त्यायले सापडली असती." देऊळगाव राजाला एका लग्नाला गेले, तिथेही रद्दीच्या दुकानात बसून आले. मला शेवट हवा होता. त्याहून जास्त, त्या एसटीत त्या काय वाचत होत्या, ते हवं होतं.

कादंबरी सापडली शेगावलाच, स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे. भक्त गाडीत वाचायला घेतात आणि लॉजवर विसरून जातात. अशा पुस्तकांचा त्याच्याकडे ढीग होता. मी मधलं पान उघडलं. विश्रामगृह, कंदील, डॉक्टर. भाव करायला मला जमलं नाही. त्यानं सांगितलं तेवढे दिले.

घरी आल्यावर मी सुरी घेतली आणि फर्मा संपतो तिथं पुस्तक कापलं. पुढचा भाग त्यांच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. आधी तो त्यांचा. त्यांना वाचायला जेवढे दिवस लागायचे, तेवढे दिवस त्याला हात लावला नाही. येता-जाता खिडकीकडे बघत होते, वाऱ्यानं पानं हलत होती.

मग खाली बसले आणि वाचून काढला. खून डॉक्टरनंच केला होता. मी स्वयंपाकघराकडे वळून "बाई" म्हणाले, आणि थांबले.

त्या शेवटच्या पानापर्यंत पोचल्या होत्या की नाही, ते मला माहीत नाही. भांडी मीच घासते. कपाटात त्या कादंबरीचे पहिले भाग दोन आहेत आणि पुढचा एक.