रेकॉर्डबरोबर आलेली पिल्लं

लातूर नवा जिल्हा झाला आणि जुन्या जिल्ह्याच्या गावाहून आपल्या वाटणीचं रेकॉर्ड ट्रकनं येऊ लागलं. ते किती होतं आणि किती दिवस येत राहिलं, हे रेकॉर्डरूममध्ये काम केलेल्या माणसालाच माहीत. मी त्यातली एक. हदगावची मुलगी, पहिलीच नोकरी, कनिष्ठ लिपिक. नव्या माणसाला रेकॉर्डरूम द्यायची रीत असते, तशी ती मला मिळाली. लाल रुमालांत बांधलेले गठ्ठे उतरवून घ्यायचे, झटकायचे, गावाप्रमाणे लावायचे. जुने कागद उर्दूत. ते वाचायला आमच्याकडे एक शिपाई होते, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले.

त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. मी राहायचे एका विधवा बाईंच्या घरी. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात एक शेळी. एकुलती लेक शिरूर अनंतपाळला दिलेली. मी त्यांना मावशी म्हणायचे. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं. ऐकल्यावर त्यांनी एकदा रांजणाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हा. पण पानी मी देत जाईन. रांजनाला हात लावायचा न्हाई." टँकर चार-चार दिवस येत नाही म्हणून, असं त्यांनी मागाहून जोडलं. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. पाण्याचं असलं बोलणं कुठून येतं ते मला ठाऊक होतं. पण दुसरी खोली मिळत नव्हती. रोज सकाळी मी उंबऱ्याशी कळशी ठेवायची आणि त्या वरून ओतायच्या.

एका सोमवारी नवा ट्रक उतरवून घेतला. शनिवारी संध्याकाळी भरलेला, रविवारभर ताडपत्रीखाली बंद उभा होता. दुपारी गठ्ठे फोडताना एका लाकडी खोक्यातून बारीक आवाज आला. चाचांनी वरचा रुमाल उचलला. खाली मांजरीची चार पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले, पण चिकटलेले. कातडी इतकी सैल, की एखाद्याला उचललं तर ती हातात यायची आणि जीव खाली लोंबायचा. नीट ओरडत एकच होतं. बाकीची नुसतं तोंड उघडून मिटायची.

साहेबांच्या टेबलावरून निरोप आला, की घाण करतील, बाहेर टाका. चाचांनी खोकं बाहेर नेलं आणि माझ्या खुर्चीमागून पुन्हा आत आणलं.

"बेटी, जान हाय ती. फेकायची चीज न्हाई," ते म्हणाले. "माझ्या घरी कुत्रं हाय. तू नेतीस का?"

मी हो म्हटलं. मांजर मी कधी पाळलं नव्हतं. हदगावला आमच्या गल्लीत मांजरं होती, पण ती आपली आपण जगायची.

संध्याकाळी डब्याच्या पिशवीत घालून पिल्लं खोलीवर आणली. वाटेत दूध घेतलं. पाजायला काही नव्हतं, तेव्हा पेनमध्ये शाई भरायचा काचेचा ड्रॉपर उकळून घेतला. पहिल्या थेंबालाच ती जी तुटून पडली, ते बघून माझा हात थांबेना. माझ्या डोक्यात एकच होतं, उपाशी आहेत, पोट भरलं पाहिजे. घेतील तितकं देत गेले. पोटं टम्म झाली, पिल्लं झोपली, आणि मला फार समाधान वाटलं.

सकाळी त्यातलं एक ताठ झालेलं होतं. बाकीच्या तिघांना जुलाब लागले होते आणि अंग गार पडलं होतं.

मी उंबऱ्यात बसून राहिले. मावशी कळशी भरायला आल्या, त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"मांजरं कुठनं आनलीस? हितं मानसाला पानी न्हाई."

"रेकॉर्डमध्ये आली," मी म्हटलं. "एक मेलं मावशी. मीच जास्त पाजलं."

त्या आत गेल्या, खुरपं घेऊन आल्या आणि शेळी बांधायच्या खुंटाजवळ त्यांनी खड्डा खणला. जमीन दगडासारखी झाली होती, बराच वेळ लागला. पिल्लू मी ठेवलं, माती त्यांनी लोटली.

कचेरीत जायच्या आधी मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर चारा छावणीवर गेले होते. मलमपट्टी करणारा ड्रेसर होता, तोही निघायच्या घाईत. पिशवी बघून तो थकलेल्या माणसासारखा हसला.

"ताई, तिकडं बैलं उठंना झालीत. तुम्ही मांजरं घेऊन आलात."

मी तशीच उभी राहिले. मग त्यानं पिशवी खाली ठेवायला सांगितली आणि एकेक पिल्लू हातात घेतलं. आज दूध बंद, म्हणाला. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर साखर आणि कणभर मीठ, तेही थेंबाथेंबानं. उद्यापासून शेळीचं दूध, निम्मं पाणी घालून, दोन-दोन तासांनी, थोडं भुकेलं असतानाच थांबायचं. उताणं धरून पाजायचं नाही, पोटावर ठेवून पाजायचं, नाहीतर दूध छातीत जातं. पाजायच्या आधी अंग गरम पाहिजे. आणि पाजून झालं की ओल्या फडक्यानं मागून पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर त्यांना शी-शू होत नाही.

"उपाशी जित्राबाला एकदम भरायचं नसतं," तो म्हणाला. "आतडी इसरलेली असत्यात."

दोन-दोन तासांनी म्हणजे पिल्लं कचेरीत न्यावी लागणार. चाचांनी टेबलाचा खालचा खण रिकामा केला, त्यात जुने रुमाल अंथरले आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. मी यादी लिहायची आणि घड्याळाकडे बघायची. साहेबांना कळलं असणार, कारण एकदा ते दारापर्यंत येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले.

शेळीचं दूध मावशींकडेच होतं, पण त्या ते शेजारच्या तान्ह्या बाळासाठी द्यायच्या. मी संध्याकाळी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळाचं तोडून देनार न्हाई." मग सडाला राहिलेलं वाटीच्या तळाएवढं दूध त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "येवढंच हाय. रोज येवढंच निघंल." शेळी बाभळीच्या शेंगांवर जगत होती, तिच्याकडून तरी आणखी काय मागायचं? पण तीन पिल्लांना तेवढं पुरत होतं.

तिसऱ्या दिवशी दुसरं पिल्लू गेलं. या खेपेला मी काही चुकले नव्हते. ते सगळ्यांत लहान होतं, दूध तोंडात घ्यायचं आणि गिळायचं विसरायचं. कचेरीत माझ्या तळहातावरच त्याचा श्वास थांबला. चाचांनी ते रुमालाच्या चिंधीत बांधून नेलं आणि आवारातल्या लिंबाखाली पुरलं. त्या आठवड्यात पुन्हा ट्रक आला तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, तिकडं मांजरीण दिसली का म्हणून. तो म्हणाला, दोन दिवस रिकाम्या खोलीत ओरडत फिरत होती, आता दिसत नाही. पिल्लं परत पाठवायचा विचार मी मनातून काढून टाकला.

राहिलेल्या दोघांत एक काळा-पांढरा बोका आणि एक करडी भाटी. दुपारचं पाजणं मावशींनी घेतलं ते असं: एक दिवस त्या म्हणाल्या, "रोज पिशवीत घालून उन्हात नेतीस, मरतीलच ती. ठेव हितं." संध्याकाळी मी आले तर त्या माझ्या खोलीत, माझ्या सतरंजीवर बसलेल्या. मांडीवर करडं पिल्लू, हातात ड्रॉपर. मला बघून उठल्या नाहीत. "ह्यो काळा लई गुलाम हाय," म्हणाल्या. "एकट्यानंच पिऊन घ्याया बघतो."

त्याच सुमारास एका रविवारी आई आली. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, दिवसभराचा प्रवास करून, ज्वारीचं पीठ आणि कांदे घेऊन. मी पिल्लांना पाजत होते. ती भिंतीला टेकून बघत बसली.

"हळू," ती म्हणाली. "त्याला गिळू दे. मंग दुसरा थेंब."

मी तिला पहिल्या दिवसाचं सांगितलं. कसं भरभरून पाजलं आणि सकाळी काय झालं ते. तिनं पदराच्या टोकानं पिल्लाचं तोंड पुसलं. मग अगदी साध्या आवाजात सांगायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायला जायचे. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. मला एक धाकटा भाऊ होता, रांगायला लागलेला, तो त्या उन्हाळ्यात वारला. तापानं गेला, असं घरात सांगत.

"ताप न्हवता त्याला," आई म्हणाली. "माझं दूध आटलं होतं. कितीक दिस तो पेजेच्या पाण्यावर होता. मंग कामावर एका बाईनं तांब्याभर म्हशीचं दूध दिलं. मला वाटलं, पोरगं पिऊन राहिलं तर पिऊ द्यावं. सगळं पाजलं."

"मग?"

"मंग काय. दोन दिस जुलाब. थांबलेच न्हाईत."

"कुणी सांगितलं नाही तुला?"

"कोन सांगणार? सगळेच उपाशी होते."

मी ड्रॉपर खाली ठेवला. भाऊ गेला तेव्हाचं मला फक्त एवढं आठवत होतं, की आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली होती. मला तेव्हा तिचा राग आला होता, आणि तो कुठंतरी राहून गेला होता. तो राग आता मला लाजेसारखा वाटायला लागला.

"तुझं चुकलं न्हाई असं मी म्हणत न्हाई," आई म्हणाली. "चुकलंच. माझंबी चुकलं. पण आपण माया करूनच राहिलो होतो ना. ते बी ध्यानात ठेव."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी कितपत ऐकलं कोण जाणे. त्या आत आल्या, आईच्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझाबी एक गेला. गोवरानं." मग दोघी तेवढ्यावरच थांबल्या आणि हदगावकडे पाऊसपाणी कसं आहे त्याचं बोलू लागल्या. चहा मावशींनी केला, बाळाच्या वाटणीतलं चमचाभर दूध घालून.

आई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. सकाळी मी नेहमीसारखी कळशी उंबऱ्याशी ठेवली. मावशी पिल्लांपाशी बसल्या होत्या. "माझे हात भरलेत," त्या म्हणाल्या. "रांजनातनं घे तुझं तू." मी घेतलं. त्यानंतर त्यांनी मला कधी पाणी ओतून दिलं नाही. त्याबद्दल आम्ही दोघीही कधी बोललो नाही. मला कधी कधी बोलावंसं वाटलं, पण जे आपोआप सुटलं होतं ते पुन्हा हातात घ्यायला नको वाटलं.

महिनाभरात पिल्लं ताटलीतून चाटायला लागली, मग दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागली. बोक्याला मी कचेरीत नेलं. रेकॉर्डरूममध्ये उंदीर झालेच होते, त्यामुळं साहेबांनीही त्याला चालवून घेतलं. चाचा निवृत्त झाल्यावरही शुक्रवारी नमाजानंतर त्याला बघायला येत. भाटी मावशींकडे राहिली.

दीड-दोन वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. लातूरला काही काम निघालं, की मी मावशींकडेच उतरायची. पुढं त्या आजारी पडल्या तेव्हा लेक त्यांना शिरूर अनंतपाळला घेऊन गेली, आणि मांजरासाठी त्या अडून बसल्या म्हणून मांजरालाही पोत्यात घालून नेलं. मी तिथं एकदा भेटायला गेले. मावशी अंगणात बाजेवर पडल्या होत्या, पायापाशी भाटी, जाड झालेली, एक कान फाटलेला. मावशींनी मला ओळखायला जरा वेळ लावला. मांजरानं तर ओळखलंच नाही. मी जवळ बसले तशी ती उठली, आळस दिला आणि बाजेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पुन्हा मावशींना टेकून झोपली.