नरसाळ्यात ओतलेलं पाणी

आमच्या बंबाची एक खोड होती, आणि ती माहीत नसलेल्या माणसाला मी लहानपणी सरळ अडाणी समजायचे. तांब्याचा, पोटातून धुराडं गेलेला बंब. खाली जाळ, भोवती पाणी. बाजूच्या नरसाळ्यात गार पाणी ओतायचं, ते तळाशी जायचं आणि वरचं उकळतं पाणी चोचीतून बाहेर पडायचं. ओतल्याशिवाय काही मिळायचं नाही. आणि मिळायचं ते आपण ओतलेलं नव्हे, आधीच्या माणसाने ओतलेलं.

तेव्हा आम्ही यंत्रमागांच्या शहरात, निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत राहायचो. बाबा नारपोलीच्या कापड कारखान्यांत लूम दुरुस्त करायचे. सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या तुटल्या की पोतं भरून घरी आणायचे. तेल प्यालेल्या त्या कांड्या अशा भडकायच्या की विचारू नका. बंब दारासमोर उघड्यावर, आणि तो पेटवायचं खातं माझं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे एका वर्षी गल्लीत कावीळ पसरली. पाणी उकळूनच प्या, असं डॉक्टर ज्याला त्याला बजावत होते. पण रॉकेल रेशनचं, गॅस एक-दोन घरांत, आणि सिलिंडर वेळेवर येईल तर शपथ. आईने बंबात चिंचेचं पाणी खळखळ उकळवलं, बंब उलटा करून विसळला आणि गल्लीला सांगून टाकलं, "कळशी आना, वता, नि गरम न्या." आई जवळच्याच शेलार गावची. बोलण्यातून तिचं गाव कधी सुटलं नाही.

बायका आल्या. समोरच्या काकू मात्र आल्या नाहीत. तशा काकू गोड. दिवाळीला फराळाचं ताट न चुकता द्यायच्या. पण आम्ही बौद्ध, आणि इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या घरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. दर वेळी "आत्ताच चहा झाला गं" ठरलेलं. ते आईला कळायचं, मलाही कळायचं, आणि माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटुशी बाईला कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी काकूंना स्पष्टच सांगितलेलं. त्यात त्यांचा सिलिंडर संपला, दुसरा येईना, आणि रॉकेलच्या रांगेत उभं राहून पाय भरून आले. शेवटी एका सकाळी काकू कळशी आणि रिकामं पातेलं घेऊन आमच्या बंबापाशी आल्या.

"पाणी माझं मी आणलंय," त्या म्हणाल्या. "फक्त तुझ्या जाळावर तापवून दे."

म्हणजे ओतलेलंच पाणी तापून बाहेर येतं, असं त्यांना वाटत होतं! मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. नेऊ दे, लेकीला पाजू दे आमचं पाणी, मग सांगू. आईने नुसतं गप्प राहायचं होतं. तिने हातातली कांडी जाळात सारली.

"काकू," मग ती म्हणाली, "तुमचं पानी आत जाईल. भायेर येईल ते आमचं, सकाळी आमी वतलेलं. बंबच तसा हाय. मागनं बोलू नका, सांगितलं न्हाय म्हनून."

मला आईचा भयंकर राग आला. आता ही बाई माघारी जाणार, आणि तिची लेक तेच नळाचं पाणी पिणार. काकूंनी कळशी खाली ठेवली. समोर त्यांच्या दारात लेक पोटावर हात ठेवून बसली होती. काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

"आणि माझं कुणाला जाणार?" त्यांनी विचारलं.

आईने त्यांच्या मागे बोट दाखवलं. तिथे लूम चालवणाऱ्या एका उत्तरेकडच्या मुसलमान कामगाराची बायको बादली घेऊन उभी होती. "हम रुक जाते हैं, चाची," ती बिचारी घाईघाईने म्हणाली.

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम माझ्यावर ओरडल्या, "बघतेस काय नुसती? कांड्या घाल अजून! माझं पाणी हिच्या पोरांना जायचंय, कच्चं राहता कामा नये."

आणि त्यांनी कळशी नरसाळ्यात रिती केली. चोचीखाली पातेलं वाफाळत्या पाण्याने भरलं. ते पदराने धरून त्या सरळ घराकडे गेल्या.

रोज येऊ लागल्या. लेकीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. पण मला जास्त आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. मी अजून धुसफुसतच होते. आईला म्हटलं, सांगायची काय गरज होती? परत गेली असती म्हणजे?

"गेली असती तर लेकीसाठी मी सोता घेऊन गेले असते," आई राख काढता काढता म्हणाली. "राग मला बी हाय. पन न सांगता पाजलं असतं, तर ती आपलं पानी प्याली असं मला कंदी म्हनता आलं असतं का?"