मुखवट्यातला माणूस बदलला तेव्हा

हे माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच – त्याच्याशी माझं लग्न झालं तोवर ही गोष्ट जुनी झाली होती, आणि जुनी गोष्ट उकरून सांगायला काहीतरी कारण लागतं. आता तरी कारण आहे का? नाही. वय झालं, एवढंच.

तुम्हाला कदाचित ती मालिका आठवत असेल. ‘नीलद्वीप’. रविवारी सकाळी लागायची, दोन वर्षं तरी चालली असेल. राजकन्या, उडता घोडा, बोलणारी विहीर, आणि तमासुर – शिंगांचा, काळ्या झुलीतला, ज्याला बघून पोरं आईच्या मागे लपायची. आज ती बघितली तर हसू येईल. तेव्हा रस्ते रिकामे व्हायचे.

मी त्या मालिकेच्या कपड्यांच्या खात्यात शिवणकाम करत होते. मालाडला खाडीच्या बाजूला एका बंद गोदामात सेट होता. मी नाहूरहून दोन बस बदलून जायचे. तमासुराचा सगळा पोशाख माझ्याकडे – झूल, पंजे, मुखवटा. सकाळी चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा, रात्रीत वाळेल असा टांगायचा.

आणि तमासुराच्या आतला माणूस मीच आणला होता.

आमच्याच चाळीत, माझ्या दारासमोरच्या खोलीत परबभाऊ राहायचे. गाव मालवणकडचं. गिरणीत होते, संपात गिरणी गेली ती गेलीच. उंची सहा फुटांच्या वर – चाळीच्या जिन्यात मान वाकवून चालायचे. गावी असताना दशावतारात राक्षसाची कामं करायचे. संपानंतरचं एक वर्ष त्यांनी दारूत घालवलं, हेही सगळ्या चाळीला माहीत होतं. मग वहिनींनी त्यांना गावी नेलं, देवीपुढे उभं केलं, शपथ घ्यायला लावली. त्यानंतर थेंब नाही. दोन वर्षं होत आली होती. वहिनी ते महिने मोजायच्या. बाई गरोदरपणाचे मोजते तसे.

सेटवर उंच माणूस हवा होता, मी भाऊंचं नाव सांगितलं. पहिल्याच दिवशी ते ज्या तऱ्हेने चालले – आधी पाऊल उचलायचं, हवेत धरायचं, मग सगळं अंग त्यावर टाकायचं – त्यावर दिग्दर्शकांनी एकही सूचना केली नाही. तोंड कुणाला दिसत नव्हतं, पण चाळीत सगळ्यांना माहीत होतं. लोक त्यांना ‘तमासुरकाका’ म्हणायला लागले. वहिनी पुन्हा चारचौघांत वर बघून चालायला लागल्या. तुम्हाला हे मी का सांगतेय? त्यांच्या हातात काय होतं, ते कळावं म्हणून.

आता जाळीचं सांगते.

मुखवट्याच्या डोळ्यांना भोकं होती, त्यांवर आतून काळी जाळी शिवलेली. माणसाला बाहेरचं दिसतं, बाहेरून माणसाचे डोळे दिसत नाहीत. डाव्या डोळ्याची जाळी फाटली. नवी लावायची तर जुनी उसवायची, कडेचा गोंद खरवडायचा, मग शिवायची – तासाभराचं काम. मी काय केलं, तर जुनी तशीच ठेवून वरून नवी टाचली. कंटाळा केला. घाई नव्हती, आजारपण नव्हतं, घरी काही नव्हतं. कंटाळा.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, “सुलू, डाव्या डोळ्यान काय एक दिसणा नाय गो.” मी म्हटलं, उद्या करते. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोलले, जरा ओशाळून, जणू त्यांच्याच डोळ्याचा दोष. मी पुन्हा म्हटलं, उद्या.

त्याच्या पुढचा दिवस शूटिंगचा शेवटचा होता. पुढे क्रिकेटचे सामने होते, त्यामुळे मालिका टीव्हीवर दीड महिना बंद राहणार होती, आणि आमचं कामही काही आठवडे थांबणार होतं. शेवटचा प्रसंग असा – तमासुर सिंहासनाच्या पायऱ्या उतरतो, राजकन्येचा आवाज कुपीत भरून घेतो. भाऊ उतरले. तिसऱ्या पायरीवर डाव्या बाजूला पाऊल टाकलं, तिथे पायरी नव्हती. ते बाजूच्या खांबासकट खाली आले. खांब प्लायवूडचा, पण मागे मोठा दिवा होता, तो फुटला. सगळीकडे काचा. भाऊंचा मनगटापाशी हात मोडला.

धावत सगळेच गेले. पण मुखवटा काढणं माझं काम. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मागच्या नाड्या सोडल्या. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता, आणि मला बघून त्यांना बरं वाटलं – ते दिसलं मला. ओळखीचं माणूस म्हणून. मी मुखवटा उचलला आणि सरळ कपड्यांच्या खोलीत गेले. दार लावलं. कात्री घेतली आणि वरची जाळी काढून टाकली. दोन मिनिटं लागली असतील. टाके मीच घातलेले, कुठे कापायचे ते मला माहीत होतं.

बघा – सुधारायला तासभर लागतो म्हणून तीन दिवस केलं नाही. लपवायला दोन मिनिटं लागली.

थोड्या वेळाने प्रॉडक्शन मॅनेजर आले. मुखवटा मागितला, तोंडाला लावला, इकडेतिकडे बघितलं. चांगलं दिसतंय की यातून, असं म्हणाले. मग मला विचारलं, “प्यायला होता का हा?”

मी म्हटलं, “वास येत होता.”

तीन शब्द. आणि खरे. वास येत होताच. मुखवट्यात घाम मुरतो, कुबट होतो, म्हणून मी तो रोज आतून स्पिरिटने पुसायचे. रोज संध्याकाळी भाऊ त्यातून बाहेर आले की त्यांच्या तोंडाला, केसांना स्पिरिटचा वास असायचा. त्यावरून मीच त्यांची थट्टा करायचे. म्हणजे मी खोटं बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण मॅनेजरनी काय विचारलं होतं, आणि मी काय समजून उत्तर दिलं होतं? ते मला ठाऊक होतं. ते तुम्हालाही कळतंय.

मग सुट्टी लागली. भाऊंचा हात प्लास्टरमध्ये. दर दोन-तीन दिवसांनी ते माझ्या दारात यायचे – शूटिंगचं काही कळलं का? मी म्हणायचे, अजून नाही. तीन आठवड्यांनी शूटिंग सुरू झालं. मालाडचाच एक मारामारीची कामं करणारा माणूस घेतला होता, उंच, पण छातीत रुंद. त्याच्या मापाने झूल मी सैल केली. डाव्या डोळ्याला नवी जाळी लावली, नीट, जुनी उसवून. आणि संध्याकाळी घरी आले की भाऊंना सांगायचे, अजून नाही.

कधीतरी सांगावं लागणार होतं. मी काय धरून चालले होते? मालिका परत सुरू झाली की सगळ्यांना दिसणार नव्हतं का? खरं सांगते – मला वाटलं होतं, मुखवटाच तर आहे, आत कोण आहे ते कुणाला कळतंय.

तो रविवार आला. आदल्या आठवड्यापासून टीव्हीवर दाखवत होते, ‘नीलद्वीप’ पुन्हा येतेय. चाळीत दुसरं बोलणं नव्हतं. राजकन्येचा आवाज तमासुराच्या कुपीत जातो की नाही, यावर मोठी माणसं पैजा लावत होती. टीव्ही आमच्याकडे होता, त्यामुळे सकाळी नऊलाच खोली भरली. आईने पाट, चटया, गोणपाट, जे मिळेल ते अंथरलं. भाऊंना खुर्ची दिली. ते धुतलेला शर्ट घालून आले होते. प्लास्टर निघालं होतं. शेजारी वहिनी, पायाशी नऊ वर्षांची मुलगी. भाऊंना वाटत होतं की आज दाखवतील ते जुनंच असेल, त्यांनी केलेलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं होतं.

गाणं संपलं. गुहा, धूर, आणि धुरातून तमासुर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मागे वळून भाऊंकडे बघितलं.

मी पण बघितलं. त्यांना पहिल्याच पावलाला कळलं होतं. तो दुसरा माणूस भराभरा चालत होता, बाजारात चालल्यासारखा. भाऊंचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले.

मग त्यांची मुलगी म्हणाली, “हे बाबा नाहीत.”

भाऊ हसले. “मीच गो तो,” ते म्हणाले. “पाय दुखत होतो तेवा. इचार सुलूक.”

सगळे माझ्याकडे वळले. भाऊही. त्यांच्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. चारचौघांत सांभाळून घे, एवढंच होतं. मी म्हटलं, हो, तेच आहेत. आणि सगळे पुन्हा टीव्हीकडे वळले. मुलगी मात्र वळली नाही. शेवटपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.

भाग संपल्यावर बाहेरच्या गॅलरीत त्यांनी मला विचारलं, का काढलं ते काही कानावर आलं का. मी म्हटलं, मला कोण सांगतं भाऊ, मी शिवणकामवाली. त्यांनी मान हलवली. शिंगं ह्या वेळी चांगली बसली आहेत, असंही म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून.

इथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण अजून आहे. खरं म्हणजे, सांगायचं ते हेच आहे.

महिन्याभराने सेटवरचा एक लाइटवाला कुणाकडे तरी चाळीत आला आणि बोलून गेला – परब ना, तो पिऊन पडला म्हणून काढला. संध्याकाळपर्यंत ते वहिनींच्या कानावर गेलं. त्या माझ्याकडे आल्या. आई देवळात गेली होती, मी एकटीच होते, तांदूळ निवडत होते. वहिनी बसल्या नाहीत. दाराला धरून उभ्या राहिल्या.

“सुलू, तू थयसर होतंस. खरा सांग माका. ह्येंनी घेतलेली काय?”

मला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. तिथे मॅनेजर नव्हता, नोकरी जाणार नव्हती. फक्त एक बाई होती, जिला एकच शब्द हवा होता – नाही. पण ‘नाही’ म्हटलं, तर मग का काढलं? मग वास कसला? मग कुणी सांगितलं? एकातून एक निघालं असतं, आणि शेवटी सगळं त्या जाळीपाशी, माझ्यापाशी येऊन थांबलं असतं.

मी वर न बघता म्हटलं, “वास येत होता, वहिनी.”

त्या गेल्या. रात्री समोरच्या अर्धवट उघड्या दारातून भाऊंचा आवाज आला – वाढलेला नव्हे, खालचा. ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होते की नाही, नाही घेतली. वहिनी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर भाऊंना मुलुंडला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली. मालिका पुढे आणखी वर्षभर चालली. आणि ते वर्षभर मी रोज संध्याकाळी एक गोष्ट बघितली. भाऊ कामावरून यायचे. वहिनी दारात उभ्या असायच्या, बुटक्या होत्या. भाऊ चपला काढायच्या आधी खाली वाकायचे आणि तोंड उघडायचे. वहिनी वास घ्यायच्या. मग बाजूला व्हायच्या, आणि भाऊ आत जायचे. शपथ त्यांनी कधीच मोडली नव्हती, नंतरही मोडली नाही. तरी वाकायचे. माझं दार समोरच होतं. मी ते लावून घेऊ शकत होते. कधी लावलं, कधी नाही.

मग ते कुटुंब गावी गेलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी गेले. जाऊ नये असं वाटलं होतं, पण न जाण्याला सबब काय देणार? भाऊ पांढरे झाले होते, कमरेत वाकले होते. मांडवात ज्याला त्याला सांगत होते – ही सुलू, हिच्यामुळे मी टीव्हीत दिसलो. नवऱ्या मुलीने मला वाकून नमस्कार केला. पंगतीत मला पहिल्या रांगेत बसवलं, वहिनींनी स्वतः वाढलं, दोनदा आग्रह केला. मी पोटभर जेवले.

भाऊंना जाऊन आता सहा वर्षं झाली. वहिनी आहेत. त्यांचा फोन येतो, सणावाराला, कधी उगाच. नातवंडांचं सांगतात, गुडघ्यांचं सांगतात. मागच्या आठवड्यात आम्ही अर्धा तास बोललो.